उकंडराव तितरमारे, ओ निगेटिव्ह

उकंडराव तितरमारे हा माणूस
मी एका उन्हाळ्यात बसल्या बसल्या तयार केला.
वय एक्केचाळीस, मुक्काम जरीपटका,
रक्तगट ओ निगेटिव्ह,
आणि ड्रॉवरमध्ये एक बटणांचा फोन,
सिमकार्ड माझ्याच नावावर.

साइटवरचे बाकीचे अकराशे बारा खरे होते.
मेडिकलच्या रक्तपेढीत रात्रपाळी करताना
एकेकाला विचारून, चहा पाजून,
आधी वहीत, मग साइटवर चढवलेले.
कोणी म्हणायचं, रात्री दोनलाही उठवा,
कोणी म्हणायचं, बायकोला कळू देऊ नका.
ते सगळं मी शेऱ्यात लिहायचो.

उकंडराव फक्त राखणीला.
बुजगावणंच, पण उलटं:
पाखरं यावीत
आणि कुठून आली ते कळावं म्हणून.

मार्चमध्ये तो वाजला.
"उकंडरावजी, आपलं पाच लाखांचं कर्ज मंजूर झालंय."
मग वर्धा रोडचा प्लॉट, मग टकलावरचा इलाज,
एका बाईंनी तर त्यांची पत्रिका मागितली.
त्याच आठवड्यात खरी माणसं चिडली.
"रक्त द्यासाठी नंबर देल्ला होता भाऊ,
बजारात बसवासाठी नाही."
नाव काढा म्हणाले. पहिल्या दिवशी नऊ जण.
मग चाळीस.

सिव्हिल लाइन्सला वकील दमयंती बन्सोड
कूलरच्या वाऱ्यात फाइल कोपराने दाबून ऐकत होत्या.
"यंत्रांनी माहिती उचलू नये, असं लिहिलं होतं?"
लिहिलं होतं.
"कुलूप?"
नव्हतं. रात्री दोनला बाटली शोधणाऱ्याला
पासवर्ड कसा विचारायचा?
"म्हणजे पाटी होती. पाटी वाचणाऱ्यासाठी असते."

नावं-नंबर तुमच्या मालकीचे नाहीत, त्या म्हणाल्या,
निवड, मांडणी, शेरे, एवढ्यावर थोडं भांडता येईल.
आयटी कायद्याचं कलम त्रेचाळीस आहे,
न विचारता उपसलं तर भरपाई,
त्याचा अर्ज मुंबईला.
सायबर ठाण्यात तक्रार वेगळी.
आधी नोटीस, पण ती कोणाला?
सर्व्हर परदेशात, कंपनी कागदावर,
आणि कागद कुठे ते देवाला ठाऊक.

मग हळूच,
"त्या अकराशे जणांची लेखी परवानगी आहे तुमच्याकडे?"
मला चहाचे ग्लास आठवले.

"तुमचा साक्षीदार एकच," त्या म्हणाल्या,
"जो जन्मलाच नाही.
तो त्यांच्या यादीत सापडला, यातच सगळं आलं."

मी सर्व्हरच्या नोंदी छापल्या, प्रमाणपत्र जोडलं.
एकोणीस वर्षं नळ्यांवर लेबलं लावताना
एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं,
आणि आता सही करत होतो या ओळीखाली:
सदर नोंद बनावट असून ती मीच केली आहे.

नोटीस परत आली. पत्ता अपूर्ण.

मेच्या एका रात्री, भिंती अजून भाजत होत्या,
ड्रॉवर थरथरला.
शिवी तोंडात तयार ठेवूनच उचलला.
"उकंडरावजी बोलून राह्यले का?
मेयोतून बोलतो जी. पोरगी बाळंत झाली,
रक्त थांबूनच नाही राह्यलं.
तुमचा नंबर एका अ‍ॅपवर भेटला.
ओ निगेटिव्ह, बरोबर ना?"

माझा बी पॉझिटिव्ह.
तरी मी म्हणालो, हो, बोलतोय.
दहा मिनिटं द्या.

वही काढली.
तीनशे अठरावा, लोणारे, मानेवाडा.
शेरा: रात्री दोनलाही उठवा.
त्यावर लाल रेघ, माझ्याच हातची,
परवाच नाव काढायला सांगितलं होतं त्याने.

रेघेखालचे आकडे नीट वाचता येत होते.
काय बोलायचं ते दोनदा मनात म्हणून पाहिलं:
कर्ज नाही, प्लॉट नाही, फोन ठेवू नका.
आणि नंबर लावला.