सात नंबर

अजमानच्या जुन्या बर्फ कारखान्यात
आम्ही अठ्ठावीस खोल्या पाडल्या.
पाडल्या म्हणजे उभ्या केल्या,
भाषा अशीच आहे आपली.

अमोनियाचा वास भिंतींतून जाईना.
परकारमामांनी तीनदा रंग मारला,
मग म्हणाले, राहू दे,
फुटपाथवरून येणाऱ्याचं नाक एवढं नाजूक नसतं.
आणि चौथ्यांदा डबा उघडला.

सात नंबर गंगय्याला.
कंपनी बुडाली, पासपोर्ट तिच्याबरोबर.
दोन उन्हाळे पुलाखाली,
चपला उशाला, चोरीच्या भीतीनं.
किल्ली त्यानं ओंजळीत घेतली
आणि विचारलं,
परत कधी करायची?

उंबरा आम्ही घातला नव्हता.
तो जिथे असता, तिथेच
गंगय्या पहिल्या रात्री आडवा झाला,
दार सताड.
सकाळी म्हणाला, झोप नाही लागली,
वरून गाड्या जात नाहीत इथे.

लाद्या ओढायचे लोखंडी आकडे
काही भिंतींवर तसेच ठेवलेत.
आज गळका नळ बघायला गेलो.
सातमध्ये आकड्याला ओला सदरा,
थेंब थेंब फरशीवर.
आत घोरण्याचा आवाज.
दार लोटलेलं,
चपला बाहेर.