पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी

घंटा माझ्याकडे होती.
भंगारात गेलेल्या एका लाँचची, पितळी,
जिभेला सुतळी बांधलेली.
चूक झाली की एकदा ओढायची, एवढंच काम.
शब्द बिवलकर सर सांगणार होते,
ग्रंथपालाला कोण विचारतो.

हर्णैच्या वाचनालयात जुलैतला शनिवार.
कपाटांना डांबरगोळ्यांचा वास, भिंतींना ओल,
सतरंजीवर एकवीस मुलं, आणि दारात
चपलांपेक्षा छत्र्याच जास्त.

'महत्त्व'नं पहिल्याच फेरीत पाच जणांना उठवलं.
सगळ्यांना एकच त कमी पडला,
कंडक्टरला सुटा रुपया कमी पडावा तसा.
'उज्ज्वल'च्या दुसऱ्या ज साठी
मेहेंदळ्यांचा अद्वैत आईकडे बघत राहिला;
तिनं दोन बोटं दाखवली, पण उशिरा.
इब्राहीम परकार 'निवडणूक'ला अडला
आणि म्हणाला, सर, नाक्यावरच्या भिंतीवर तर...
सर म्हणाले, भिंतीवरचं वाचू नये.

उरल्या दोघी.
ऋजुता बापट, जिच्या वेणीलाही शिस्त होती,
आणि पाजपंढरीची यज्ञा चोगले, सहावीतली,
जिला स्वतःच्या नावापासूनच जोडाक्षरांची सवय.
बोलताना ती बोटानं हवेत अक्षर काढायची,
जाळं विणणाऱ्या सुईसारखं:
आत, बाहेर, गाठ.
'क्षितिज': दोन्ही वेलांट्या पहिल्या.
'बोंबील': दुसरी. आणि हसली,
हा काय विचारायचा शब्द झाला?
मग सर म्हणाले, आशीर्वाद.
यावर तिनं बोटही उचललं नाही.
"आ. श ला पहिली वेलांटी.
व ला काना, वर रफार. द."

मी सुतळी ओढली.
खोलीभर पितळ.

रडली नाही. म्हणाली,
"सर, आमच्या होडीवर असंच लिवलंय.
जल्मापासून वाचतेय मी."
सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"रंगाऱ्याची चूक असेल, बाळ."
"रंगारी नाय. बाबांनी काढलंय."

आता सांगतो, तेव्हा नाही सांगितलं:
ज्या पाटीखालून ही सगळी मुलं आत आली
तिच्यावर 'सार्वजनीक' आहे, दुसऱ्या वेलांटीनं,
मी नोकरीला लागलो त्याच्याही आधीपासून.
शिडी आहे. रंग आहे.
अठ्ठावीस वर्षांत वेळ तेवढा मिळालेला नाही.

शब्दकोश ऋजुताला, यज्ञाला कंपासपेटी.
प्रमाणपत्रावरचं तिचं नाव मी तीनदा तपासलं.

पुढच्या रविवारी मुद्दाम पुळणीवर गेलो.
होड्या वर ओढलेल्या, झापांखाली.
तिचे वडील तळाचे शिंपले खरवडत होते.
लाल ऑइलपेंटमधलं ते नाव, हात कापल्यासारखं,
पण मन लावून काढलेलं.
विचारायच्या आधीच म्हणाले,
"परवान्यावर पण तसाच हाय, मास्तर.
एका वेलांटीसाठी रत्नागिरीला खेपा कोण घालणार?"
मग खरवडता खरवडता, माझ्याकडे न बघता,
"चौदा वर्षं ह्याच नावानं परत येतेय ती."

शि आणि र्वा यांच्या मधल्या बोटभर फटीत
कुणीतरी खडूनं दुसरी वेलांटी घुसवली होती.
पहिली पुसलेली नव्हती, पुसणार कशी?
श उभा होता दोन्हीकडून वेलांट्या घेऊन,
जशी दोन वल्ही.
"पावसानं जाते," ते म्हणाले. "पोरगी रोज काढते."

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या.
जेट्टीवर उभं राहून वाचायचा प्रयत्न केला.
चष्मा घरी राहिला होता.
आ दिसला, द दिसला,
मधलं काही केल्या लागेना.

सोमवारी शिडी बाहेर काढली.
सर आली म्हणून परत आत ठेवली.