बर्फाच्या खणात

कर्लीच्या मुखाशी उभं राहिलं की पलीकडे निवती.
तरीत बसायचं, दहा रुपये द्यायचे,
विडी संपायच्या आत माणूस पोचतो.
मी वेरावळला गेलो.

हाक कशी येते, असं विचारतात लोक.
माझी आली ती अंगावरची चादर ओढत,
पहाटेच्या घंटेआधी,
घरातल्याच मालवणीत:
"इनास, ऊठ. तुळाजी तारीकडे जा.
त्येका सांग, तुझो हिशेब मिटलो."

मिटलो?
रात्री दिवे मालवून त्याच्या पर्ससीनने
आमची रापण मधोमध चिरली होती,
अकरा घरांचं जाळं,
पास्कूकाकाने बोटं सोलून विणलेलं.
आता त्याची उजवी बाजू गेली होती,
पाजलेली पेज हनुवटीवरून ओघळायची.
हे कळलं त्या रविवारी
मी कधी नव्हे ती मोठी मेणबत्ती लावली.

तर पळालो.
भीतीने नव्हे, एवढं लिहून ठेवा.
शास्त्रातला तो संदेष्टाही भीतीने पळाला नव्हता,
आमचे फादर दरवर्षी चुकीचं सांगतात.
त्याला पक्कं ठाऊक होतं, वरचा मऊ आहे,
निनवेवाले रडले की विरघळेल,
आणि ते त्याला बघवलं नसतं.
माझंही दुखणं तेच.

चौथ्या रात्री वारा फिरला.
तांडेल मावजीभाईने दर्याला नारळ दिला,
डहाणूची पोरं आपापले देव पुकारत होती.
मी खाली झोपलो होतो.
गदागदा हलवलं मला:
"तुझा कोणी नाही का हाक मारायला?"
काय सांगणार?
आमच्यात हाक उलट्या बाजूने चालू होती.

पाण्यात मला कोणी टाकलं नाही.
पंप बसला होता, म्हणून बादली देऊन
बर्फाच्या खणात उतरवलं.
तीन दिवस तिथेच. उपसायचं, ओकायचं, पेंगायचं.
भोवती बांगडे, सुरमई,
न मिटणाऱ्या डोळ्यांची गर्दी.
तिथे मी प्रार्थना केली, असं म्हणावंसं वाटतं.
खरं म्हणजे भांडलो.
"रुझारला पाठव. त्याला बोलता येतं."
बोटीचं पोट गुरगुरलं, तेवढंच.

परतलो तो हातांना चिरा आणि खिसा रिकामा.
तरीवाल्याने पैसे मागितले नाहीत.
तुळाजीच्या खळ्यात उभा राहून
मी निरोप सांगितला,
मुद्दाम कोरडा, पाठ केल्यासारखा.
वाटलं, असला रुजणार नाही.

तो एका डोळ्याने रडला,
दुसरा त्याच्या ताब्यात नव्हता.
पोरगा भिवाजी उठला,
पडवीतून नव्या दोऱ्याची बंडलं आणून
माझ्या पायाशी ठेवत गेला, मोजल्याशिवाय.
इतकं सोपं?
मला राग आला. अजून येतो.

घरी, झावळांच्या मांडवावर
दोडक्याचा वेल चढला होता,
मी नसताना, कुणी न लावलेला.
आठ दिवस त्याच्या सावलीत जेवलो.
मग अळी पडली. दोन दिवसांत काड्या.
मी असा हळहळलो
की शेजारची कार्मेलीन मासे कापता कापता म्हणाली,
"एका येलासाठी इतक्या?
मगे तो तारी कोण, माणूस नाय?"

पुस्तकातली गोष्ट तिथेच थांबते, प्रश्नावर.
पुढे तो काय बोलला, कुणी लिहिलं नाही.
बहुधा बोललाच नसेल. गुडघ्यात मान घालून
तापलेल्या वाळूत बसून राहिला असेल बराच वेळ.

रापणीला दोर दोन.
काल एकावर आम्ही होतो,
दुसऱ्यावर माणसं कमी पडली.
भिवाजी तरीतून उतरला, पँट दुमडली,
दोर खांद्यावर घेतला.
मी त्याच्याकडे बघितलं नाही.
पण ओढ दोन्हीकडून सारखी लागत होती,
ती हाताला कळत होती,
आणि जाळं सरळ येत होतं.