तिकडे

ओउलूत नोव्हेंबरात तीनलाच अंधार पडतो.
तूलिक्की दिवा लावते, कॉफी ओतते
आणि एका गावाच्या एकोणीस वर्षांच्या बातम्या
सॉफ्टवेअरच्या तोंडी देते :
चार हजार दोनशे अकरा लेख,
कागदाची गिरणी बंद पडण्याआधीचे, पडतानाचे, नंतरचे.

शोधपेटीत पहिला शब्द : तेहदास. कारखाना.
निकाल थोडेच. ती स्वतःशी हसते.
फिनिश शब्द उंबरा ओलांडताना कपडे बदलतात.
तेहदास बाहेर पडला की तेहता होतो,
मग त्याला चिकटतात कारखान्यात, कारखान्यातून, कारखान्याकडे,
आणि एक असाही प्रत्यय, ज्याचा अर्थ 'विना'.
(आपलं तरी वेगळं कुठे? पाणी ग्लासात पाणी,
'त' लागला की पाण्यात.
छडीच्या धाकानं पाठ केलं होतं : स, ला, ते.)
ती शब्द मुळाशी तोडते, पुढे तारा लावते.

मग सारांश उलगडतो.
किती लेखांत, किती वेळा, कोणत्या साली.
मधोमध ठळक शब्द,
डावीकडे पाच शब्द, उजवीकडे पाच,
दोन्ही दंड धरून उभा केलेला साक्षीदार.

तोट्यात चाललेला  |  कारखाना  |  पुढील तिमाहीअखेर
मागणी घटल्याने  |  कारखान्यातून  |  तीनशे चाळीस जण कमी

सगळ्या ओळी प्रवक्त्याच्या आवाजात.
आलेख बंदच्या साली कळस गाठतो,
दोन वर्षांत जमिनीला टेकतो.
'गाव विसरलं' असं ती अहवालात लिहिते.
पटत नाही. खोडतही नाही, नुसतं पिवळं करून ठेवते.

शुक्रवारी ताइस्तो येतो,
त्या गावच्या दैनिकाचा निवृत्त बातमीदार.
पडद्याकडे बघत फार वेळ काही बोलत नाही,
आणि तिथल्या माणसाचा फार वेळ म्हणजे खरंच फार.
"हा शब्द आम्ही लिहायचो," शेवटी म्हणतो,
"गावात कुणी उच्चारायचं नाही."
"मग काय म्हणायचे?"
"सिएल्लॅ. तिकडे."

जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत,
'तिकडची स्वारी' म्हणत. घरात सगळ्यांना कळायचं कोण.

तूलिक्की टाइप करते : सिएल्लॅ.
शून्य.
चार हजार लेखांत एकदाही नाही?
मग आठवतं. वगळायच्या शब्दांची यादी :
आणि, पण, तो, ती, होता, इथे, तिकडे.
सॉफ्टवेअर हे तण आधीच उपटतं,
अर्थाच्या पायात येऊ नये म्हणून.
ती यादी तिनं कधी उघडलीच नव्हती.

उघडते. एक खूण काढते.

वारा उलटा,  |  तिकडे  |  वाहिला की धुणं बाहेर घालायचो
तिघीही बहिणी  |  तिकडे  |  लागलो, मग लग्नं झाली
रात्री  |  तिकडे  |  दिवा दिसत नाही, झोप लागत नाही
बाबा गेले.  |  तिकडे  |  एकतीस वर्षं होते, मशीन दोनवर

सगळी वाक्यं अवतरणातली, पत्रांतली, निधनवार्तांतली.
मध्ये पुष्कळ कचरा : कुणी तिकडे स्पेनला गेलं,
तिकडे बर्फ फार झालं.
ती एकेक ओळ हातानं निवडते,
इथे खडेच जास्त, तांदूळ कमी.
कॉफी गार होते.
नवा आलेख बंदच्या साली कुठेच दिसत नाही,
मग दरवर्षी बोटभर वर सरकतो.

"तू का नाही लिहिलास हा शब्द?" ती विचारते.

ताइस्तो हातमोजे शोधतोय. एक खिशात आहे, एक नाही.
"लिहिला होता, पहिल्याच आठवड्यात.
संपादकानं विचारलं,
तिकडे म्हणजे कुठे?"