नाडी

कॅलेंडरच्या पाठीवर तुमच्या अक्षरात :
नाशिकरोड ते हरिद्वार, वरचा बर्थ नको.
सोनप्रयाग. घोडे दोन.
त्यापुढे खोडलेलं काहीतरी.

रोज पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या,
केदारनाथची रंगीत तालीम.
शंभराव्या पायरीशी तुम्ही वाकून
बुटाची नाडी बांधता.
नाडी सुटलेली नसते.
मीही तेव्हा पाठमोरी उभी राहते,
अंबडची धुराडी मोजत.

डॉक्टर गायधनींनी फॉर्मवर सही केली नाही.
मनगट धरून जरा जास्तच वेळ बसले,
म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.
तीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजलेल्या बोटांनी
तुम्ही तो कागद दुमडत गेलात
बसतिकिटाएवढा होईतो.

थर्मास, कापूर, लोकरीचे मोजे,
ताईने दिलेले एकशे एक रुपये, तिकडच्या देवासाठी :
पिशवी मी अजून उपसलेली नाही.

मंगळवारी वणीची एसटी धरू.
गडावर आता ट्रॉली आहे, बसू तिच्यात, लाज कसली.
पण आधी पायऱ्यांशी जाऊ,
पहिलीला हात लावू.
दोन-चार चढूही.
आणि तुम्ही नाडी बांधायला वाकलात
तर या खेपेला
मी धुराडी शोधणार नाही.
शेजारी बसेन.
मलाही दम लागतो हो,
कधीचा.