तांबडी उजवी, पांढरी डावी

टीव्हीवर चित्र होतं, आवाज नव्हता.
मालवणहून इनास आला,
मागचं झाकण उघडून, टॉर्च दातांत धरून बघितलं.
"खारो वारो. पिवळा भोक जगला, तांबडा-पांढरा कुजला.
बोर्ड बदलूक व्हयो. सतराशे."
आणि चहा पिऊन गेला.

अकरा दिवस आई मुक्या मालिकेला बोल पुरवत राहिली.
रेशमी साडीतली सासू तोंड उघडायची,
आई भाकरी थापता थापता इथून बोलायची:
"बांगडे पन्नासाक दोन? त्यापरास माकाच इक."
वकिलाला तिने दमा दिला,
मोलकरणीच्या तोंडी स्वतःचं माहेर घातलं,
बातम्यांतल्या बाईकडून रोज
सर्जेकोटच्या लिलावाचे भाव वदवून घेतले.
जुवाटकरांची शेवंती तर मुद्दाम येऊन बसायची.

फक्त हवामानाचा नकाशा आला
की दोघी गप्प.
तिथे आईकडे बोल नव्हते.
एक पांढरा भोवरा गोल फिरायचा,
खालची पट्टी वाचेपर्यंत पळून जायची,
आणि बाबा पंधरा वावांवर.

बाराव्या दिवशी मी सुदीनचा हेडफोन कापला.
तो मस्कतच्या बाजूला कुठल्याशा टँकरवर. विचारलं नाही.
"काप गो," आई म्हणाली,
"तेच्यापायीच तेका माझी हाक कधी ऐकाक गेली नाय."

आत केसाएवढ्या तारा: तांबडी, हिरवी,
आणि एक नुसतीच तांब्याची.
रंग म्हणजे लाख असते, हे कापल्यावर कळतं.
ती जळेपर्यंत तांबं तांब्याला ओळखत नाही.
काडी ओढली. हिरवट ज्योत, घाण वास,
मग सुरीच्या पात्याने हळूहळू खरवडणं.
मेलेल्या व्हीसीडीच्या वायरची दोन टोकं घेतली,
तांबडीला तांबडी, हिरवीला पांढरी,
दोघींवरची जाळी पिळून उरलेल्या तांब्याला.
चिकटपट्टी नव्हती. बाबांच्या पेटीतला
जाळं विणायचा दोरा गुंडाळला. गाठ त्यांचीच,
पाण्यात न सुटणारी.
पिन टीव्हीच्या कुशीतल्या बारक्या भोकात.
ते भोक कॉम्प्युटरसाठी होतं
आणि कॉम्प्युटर आमच्याकडे कधी आलाच नाही.

आधी घरघर. मग सासूचा आवाज.
आईचा हात पिठात थांबला.
"ही असा बोलता?"
थोडं ऐकलं. "मगे मुकीच बरी होती गो."
बातम्यांना मात्र पदराला हात पुसून
पुढे येऊन बसली.
दक्षिण कोकण किनारा. वाऱ्याचा वेग. उद्या संध्याकाळपर्यंत.
एकही शब्द तिने बदलला नाही.

रात्री वारा सुटला, वायर हलली,
डावी बाजू गेली.
तळाशील म्हणजे वाळूची एक पट्टी.
उत्तरेला तोंड करून बसलं
की उजव्या कानाशी खाडी, डाव्या कानाशी समुद्र,
आणि आमचा टीव्ही उत्तरेच्या भिंतीला.
मी उठले.
"ऱ्हवांदे," अंधारातून आई म्हणाली,
"डाव्या बाजूक दर्या आसा."

तरी मी गाठ पुन्हा आवळली.
होडी अजून बाहेर होती.