हँडक्रीम लावून आत येऊ नये

डार्वेनच्या कारखान्यात, फवारणीच्या खोलीच्या दारावर
एन्ट्विसलच्या हातची पाटी अजून आहे:
हँडक्रीम लावून आत येऊ नये.

चाळीस वर्षं त्याने सिलिकोन हुडकून हाकललं.
कुणाच्या केसांच्या स्प्रेत, कुणाच्या खिशातल्या मलमात,
एकदा तर लग्न ठरलेल्या पॅकरच्या गालावर.
एक थेंब पुरतो, म्हणायचा,
ओला थर अंग चोरतो आणि पत्र्यावर
माशाचे डोळे उघडतात, शेकड्यांनी.

आणि मी तेच, मापून, भांड्यात ओततेय.

पॉलियुरेथेन आमचं पाण्यातलं. दिसायला दूध,
वासाने डोकं उठत नाही.
खोड एकच. पाण्यात वाढल्यामुळे
वाळल्यावरही पाणी दिसलं की पाघळतं.
आठवडाभर लँकेशरचा पाऊस, की कडेकडेने फुगून येतं
पांढुरकं,
माहेरच्या माणसापुढे फुगावेत डोळे, तसं.

पहिल्या खेपेला नुसतंच ढवळलं. डोळे.
एन्ट्विसल काही बोलला नाही. चष्मा पुसला.
मग हट्टाने जास्त घातलं: थर काचेसारखा,
पण चिकटपट्टी ओढली तर अख्खा हातात आला
उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखा.

शेवटी साखळी घडतानाच
त्याला दोन्ही टोकांनी गुंफलं, शंभरात तीन.
बांधलेलं सिलिकोन गावभर हिंडत नाही,
खुंटीच्या वासरागत
दावं पुरेल तितकं वर येऊन उभं राहतं.

सतराव्या खेपेचा पत्रा.
थेंब ठेवला, कोन मोजला: एकशे चार अंश.
अळवावरचं पाणी! मी मराठीतच ओरडले.
आमच्यात हे न टिकणाऱ्या गोष्टींना म्हणतात,
आणि आपण मात्र दहा वर्षांची हमी देणार,
एवढं त्याला सांगायला गेले
तर इंग्रजीत अळूच सापडेना.

शुक्रवारी त्याचा शेवटचा दिवस. केक कापून झाल्यावर
आत आला, हात साबणाने दोनदा धुऊन,
आणि कपातला गार चहा सरळ पत्र्यावर ओतला.
चहा घरंगळला, डाग न ठेवता,
थेट त्याच्या बुटांवर.
बूट जुने. तिथे मुरला.

पाटी काढू का, मी विचारलं.
राहू दे, म्हणाला, खाली वाकून बूट पुसत,
जगातलं सगळं सिलिकोन
काही तू बांधलेलं नाहीस.